विहाराच्या हॉलची चावी

नागपूरची मेट्रो हिंगणा रोडवर लोकमान्यनगरला येऊन संपते. आजूबाजूला एमआयडीसीच्या कंपन्या, मग डिगडोह, निलडोह, इसासनी, वानाडोंगरी, आणि पुढे वेणा नदीकाठचं जुनं हिंगणा. इथल्या ले-आऊटमधून भंडारा, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा, छत्तीसगड, बिहार अशा मुलखांतली माणसं किरायाने राहतात. म्हातारे आईबाप गावाकडे, भाऊबंद आणखी कुठे. रात्री छातीत दुखलं तर हाक ऐकणारा भिंतीपलीकडचाच माणूस. तो उठला नाही तर कोणी नाही.

ख्रिस्ती माणसाने अशा वस्तीत आपला विश्वास कसा जगावा, यावर मी इथे दोन माणसं समोरासमोर बसवली आहेत. दोघंही रचलेली आहेत, पण त्यांचे मुद्दे नागपुरात कितीतरी वर्षं खरोखर मांडले गेले आहेत आणि त्यांवरून माणसं एकमेकांपासून तुटलीही आहेत. एक आहेत निवृत्त स्टाफ नर्स, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीतल्या. सगळी वस्ती त्यांना सिस्टर म्हणते. दुसरे कंपनीतून निवृत्त झालेले युनियनवाले, बौद्ध, विहार समितीचे सचिव. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. सिस्टरच्या महिला संघाला महिन्यातून दोन रविवारी वस्तीत बीपी-शुगरची तपासणी सुरू करायची आहे. जागा हवी म्हणून त्या विहाराचा हॉल मागायला आल्या आहेत.

सिस्टर : जय भीम, भाऊ.

भाऊ : सलाम, सिस्टर. या, बसा. तुमचा अर्ज वाचला. दुपारी हॉल रिकामाच असतो, वंदना सकाळीच आटोपते. पण चावी देण्याआधी मला काही विचारायचं आहे. तुम्हाला राग येईल कदाचित.

सिस्टर : आला तर तोंडावर सांगीन. विचारा.

भाऊ : बीपी मोजून झाल्यावर माणसाच्या हातात काय ठेवणार? चिठ्ठी की पत्रक?

सिस्टर : चिठ्ठी. आकडा लिहिलेली. जास्त असेल तर सरकारी दवाखान्यात पाठवू, तिथे गोळ्या फुकट मिळतात. आम्ही गोळ्या वाटणार नाही, तो डॉक्टरचा अधिकार आहे.

भाऊ : आणि पत्रक?

सिस्टर : तुम्ही सरळ विचारा ना, की धर्मांतर करायला येता का.

भाऊ : तर विचारतो. मी विचारतोय म्हणून तुम्हाला टोचत असेल, पण हा प्रश्न याच शहरात सरकारी कागदावर विचारला गेला आहे. नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती तेव्हा, 1954 साली, सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगींची समिती नेमली. नियोगी म्हणजे नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी झाली आणि 1956 मध्ये अहवाल आला. शाळा, दवाखाने, अनाथाश्रम यांचा वापर धर्मांतरासाठी होतो, असा त्याचा ठपका होता.

सिस्टर : तो अहवाल आमच्या घरी माझ्या वडिलांनी ठेवला होता. मी वाचला आहे. त्यात काही ठिकाणी जे लिहिलं ते घडलं होतं, हे मी नाकारत नाही. पण त्याने एकाच माळेत सगळ्यांना ओवलं. आमच्या पिढ्यांतल्या नर्सेस खेड्यापाड्यांतून बाळंतपणं करत फिरल्या, रात्री-बेरात्री. त्यांनी कुठल्या बाईला दार उघडण्याआधी धर्म विचारला? तुम्ही म्हणता तो ठपका त्या बायकांच्याही डोक्यावर बसला. आम्हाला तेव्हापासून प्रत्येक चांगल्या कामाची सफाई द्यावी लागते.

भाऊ : आणि दुष्काळातली मुलं? 1897 चा दुष्काळ, मग 1900 चा. मिशनच्या अनाथाश्रमांत किती लेकरं गेली, आणि बाहेर पडली ती ख्रिस्ती होऊन.

सिस्टर : माझी पणजी त्यातलीच. ती पाच-सहा वर्षांची असेल. आईबाप वाटेत मेले. तिला उचललं, खाऊ घातलं, वाचायला शिकवलं, बाप्तिस्मा दिला. तुला कोण व्हायचं आहे असं तिला कोणी विचारलं नाही. आणि तिला मरूही दिलं नाही. भाऊ, मला या दोन्ही गोष्टी एकत्रच सांभाळाव्या लागतात. एक सांगून दुसरी लपवली तर मी पणजीशी खोटं बोलले असं होईल.

भाऊ : हे तुम्ही मंडळीत बोलता?

सिस्टर : नाही बोलत. बोलायला पाहिजे.

या ठिकाणी मला दोघांच्या मध्ये पडून माझं मत सांगायचं आहे. नियोगी अहवालाचा सूर संशयाचा होता आणि त्याने एका लहान समाजावर कायमचा पहारा बसवला. त्याच्या मागणीच्या वाटेनेच पुढे 1968 मध्ये मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात तो वैध ठरवला आणि सांगितलं की धर्माचा प्रचार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. पण त्या अहवालाची एक शिफारस ख्रिस्ती मंडळ्यांनी कायद्याची वाट न पाहता स्वतःच उचलायला हवी होती. ती म्हणजे वैद्यकीय सेवेचा वापर धर्मांतराचं थेट साधन म्हणून होऊ नये. अहवालानंतर जवळपास पन्नास वर्षांनी, 2005 च्या नाताळाच्या दिवशी, पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आपल्या पहिल्या परिपत्रकात हेच लिहिलं, की प्रेम निष्काम असतं, दुसरं काही साधण्यासाठी ते करायचं नसतं, आणि चर्चच्या नावाने सेवा करणाऱ्याने आपला विश्वास कोणावर लादू नये. जे नागपुरात विरोधकाने सांगितलं ते रोममध्ये पोपने सांगितलं. आपल्याकडे मात्र पहिल्याचं ऐकलं नाही, कारण तो परका होता.

भाऊ : ठीक. पत्रक नाही. पण प्रार्थना? तुमचे लोक डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. आजारी माणूस घाबरलेला असतो, तो कशालाही हो म्हणतो.

सिस्टर : आपणहून करणार नाही. कोणी मागितली तर करीन. लपून करणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. माझा विश्वास चपलेसारखा दाराबाहेर काढून ठेवता येत नाही मला. मी चाळीस वर्षं नोकरी केली, रोज वॉर्डात शिरण्याआधी मनात दोन शब्द बोलत होते. पेशंटला ते कधी कळले नाहीत. पण ते बोलले नसते तर मी त्या वॉर्डात टिकले नसते.

भाऊ : मनातलं मी कुठे विचारतो? हॉलमध्ये मोठ्याने नको. मागितलीच कोणी तर त्याच्या घरी जा.

सिस्टर : हे मला पटलेलं नाही, पण हॉल तुमचा आहे. पाळेन.

भाऊ : आणि तुमच्याच मंडळीत नाही का भांडण होणार? सुवार्ता सांगायची नाही तर मग ही कसली सेवा, असं म्हणणारे असतीलच.

सिस्टर : आहेत. आमच्याकडे तीन मतं आहेत. काही म्हणतात, पोट भरलं आणि आत्मा उपाशी राहिला तर काय उपयोग. काही तरुण म्हणतात, आधी वस्तीतल्या गटाराबद्दल बोला, मग स्वर्गाबद्दल. आणि बरेच जण काहीच म्हणत नाहीत, त्यांना रविवारी उपासना संपली की घरी जायचं असतं. हे भांडण जगभर झालेलं आहे. 1974 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लोझानला सुवार्तावाद्यांची मोठी परिषद भरली. तिथे त्यांनी लिहून काढलं की सुवार्ता सांगणं आणि समाजातल्या अन्यायाविरुद्ध उभं राहणं ही दोन्ही ख्रिस्ती माणसाची कर्तव्यं आहेत. लिहून पन्नास वर्षं झाली. आमच्या बैठकीत अजून तोच वाद.

भाऊ : तुमचं स्वतःचं काय म्हणणं?

सिस्टर : मी याकोबाचं पत्र दाखवते त्यांना. उघड्या, उपाशी भावाला नुसतं "जा, सुखाने राहा" म्हणून वाटेला लावलं तर तो विश्वास मेलेला आहे, असा त्याचा अर्थ आहे. आणि तुम्हाला विचारते, गाडगेबाबा काय करायचे? गावात आले की आधी खराटा. दिवसभर गाव झाडायचे, रात्री कीर्तन. कीर्तनाला बसाल तरच झाडीन, असं त्यांनी कोणाला म्हटलं? आणि झाडल्यावर कीर्तन करू नका, असंही त्यांना कोणी म्हटलं नाही. मला तेवढीच मोकळीक हवी आहे.

भाऊ : गाडगेबाबांचं नाव घेतलंत तर मी काय बोलणार. पण एक फरक आहे. गाडगेबाबांच्या मागे परदेशी पैसा नव्हता, सत्ता नव्हती. खराटा आणि फुटकं मडकं. माणसाला त्यांना नाही म्हणता येत होतं. दवाखान्यात पडलेल्याला नाही म्हणता येत नाही.

सिस्टर : हे तुम्ही खरं बोललात.

भाऊंचा हा मुद्दा मला या साऱ्या वादातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सेवा घेणाऱ्याला नकार देता आला पाहिजे, आणि नकार देऊनही सेवा मिळत राहिली पाहिजे. मिशनच्या इतिहासातलं चांगलं काम या कसोटीवर उतरतं आणि वाईट काम याच कसोटीवर पडतं. नागपुरात हिस्लॉप कॉलेजात शिकून गेलेली पिढ्यान्‌पिढ्यांची हिंदू, मुसलमान, बौद्ध मुलं ख्रिस्ती झाली नाहीत आणि त्यांची पदवी अडली नाही. मुर मेमोरियल हॉस्पिटल स्कॉटिश मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायकांसाठी काढलं. तिथे जन्मलेली बहुतेक लेकरं आपापल्या धर्मात वाढली.

हिस्लॉप यांचं नाव निघालंच आहे, तर हिंगणेकरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. 4 सप्टेंबर 1863 रोजी हिंगणा तालुक्यातल्या टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या नाल्यात ते बुडून मेले. वय 45. नागपूरच्या मातीतले जीवाश्म त्यांनी गोळा केले आणि गोंडांच्या भाषेच्या, गाण्यांच्या नोंदी ठेवल्या. त्या नोंदी ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापल्या. धर्मप्रसारासाठी आलेला माणूस इथल्या लोकांचं ऐकायला आणि लिहून घ्यायला बसला. त्याचं हे बसणं मला त्याच्या प्रवचनांहून मोलाचं वाटतं.

भाऊ : आता माझा मोठा प्रश्न. पत्रकाचा प्रश्न लहान होता. सिस्टर, तुम्ही बीपी मोजाल. त्या माणसाचं बीपी का वाढलं? बारा तास ड्युटी, ठेकेदार दर महिन्याला पगार उशिरा देतो, खोलीवर पत्रे, नवतपात आत भट्टी होते. तुम्ही आकडा लिहून द्याल. पॉवर प्रेसवर पोराची बोटं जातात. तुम्ही पट्टी फार छान बांधाल, मला माहीत आहे. पण मशीनला गार्ड का नव्हता, हे कोण विचारणार? बाबासाहेबांनी तुमच्या लोकांबद्दल हेच लिहिलं आहे. त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात आहे, वाचा. मिशनऱ्यांनी शिक्षण आणि औषधपाणी दिलं हे ते मानतात. पण कॉलेजांचा फायदा वरच्या जातींनी उचलला, आणि अस्पृश्यांतून जे ख्रिस्ती झाले ते अन्यायाविरुद्ध उठले नाहीत, जात चर्चमध्येही तशीच राहिली, असं त्यांचं म्हणणं. सेवा खूप झाली. हक्काचं काय?

सिस्टर : जातीचं म्हणता ते आजही आहे. लग्न ठरवताना कळतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण हक्काचं आमच्या पुस्तकात नाही असं म्हणू नका. आमोस नावाचा संदेष्टा होता, मेंढपाळ. तो देवाच्या नावाने सांगतो की तुमचे सण, तुमची अर्पणं, तुमची गाणी मला नकोत, न्याय वाहू द्या. आमच्याकडे नाताळाच्या आधी महिनाभर कॅरलची प्रॅक्टिस चालते, आमोसवर मात्र क्वचित प्रवचन होतं.

भाऊ : आणि वागून दाखवणारा कोणी?

सिस्टर : तुमच्या-माझ्या जवळचाच. वर्ध्याचे जे. सी. कुमारप्पा. तमिळ ख्रिस्ती घरातले, लंडनला हिशेबनीस झाले, अमेरिकेत शिकले, आणि येऊन गांधीजींबरोबर मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम केलं. ख्रिस्ती म्हणूनच ते ब्रिटिश सरकारविरुद्ध उभे राहिले. त्याबद्दल त्यांचा बिशपांशीही वाद झाला. त्यांनी 1939 च्या सुमारास मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारसाठी शेकडो खेड्यांची पाहणी केली. कोणाकडे किती जमीन, काय खातात, कोणाचं कर्ज, कुठला धंदा बुडाला. येशूच्या शिकवणुकीवर त्यांनी पुस्तक लिहिलं, पण मला ती पाहणी पुस्तकाइतकीच ख्रिस्ती वाटते.

भाऊ : मग तुमच्या टेबलाशेजारी एक टेबल आमचं लावू. युनियनची दोन जुनी माणसं बसतील. येणाऱ्याला विचारतील, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड आहे का. पगार 21,000 पर्यंत असेल तर निघालंच पाहिजे. कामगाराचा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन टक्के. ठेकेदाराकडे असला तरी त्याची वर्गणी आधी मूळ मालकाने भरायची असते. निम्म्या पोरांना हे माहीत नाही. पगारातून पैसे कापतात आणि नंबर सांगत नाहीत. आणि ज्याच्याकडे कार्डच नाही त्याला महात्मा फुले जन आरोग्य योजना. पाच लाखांपर्यंतचा खर्च, आता रेशनकार्ड असलेल्या सगळ्यांना लागू आहे.

सिस्टर : माहीत असून काय होतं, भाऊ? मागच्या महिन्यात आमच्या मागच्या खोलीतल्या बाईचा नवरा ॲडमिट झाला. योजना होती, कागद होते. तिला खिडकीवरून तीनदा परत पाठवलं. एकदा आधारची झेरॉक्स, एकदा रेशनकार्डावर नाव चुकलं, एकदा साहेब जेवायला गेले. ती बालाघाटची, मराठी धड बोलता येत नाही, कडेवर पोट्टं. चौथ्यांदा मी गेले तिच्याबरोबर. मी काही भांडले नाही. नुसती उभी राहिले, नर्सच्या आवाजात विचारलं. काम झालं. हक्क कागदावर असतो. त्या खिडकीपर्यंत त्याला कोणीतरी चालत न्यावं लागतं. तुमच्या मोर्च्याने योजना आली असेल, मान्य. पण मंगळवारी सकाळी दहा वाजता त्या बाईबरोबर मोर्चा नव्हता.

भाऊ : (थोडा वेळ थांबून) नव्हता.

सिस्टर : मी टोमणा मारत नाही.

भाऊ : नाही, बरोबर आहे. युनियनमध्येही आम्ही गेटवरच्या माणसासाठी लढलो. गेट सोडून घरी आजारी पडलेल्याकडे युनियन गेली नाही.

सिस्टर : म्हणून दोन टेबलं लावू. तुम्ही म्हणता तशी. आणि तिसरं काम म्हणजे बरोबर जायचं. ज्याला दवाखान्यात जायचं त्याच्याबरोबर एक माणूस. आमच्या संघात निवृत्त बायका आहेत, वेळ आहे. ऑटोचे पैसे मंडळीच्या दानातून देऊ.

भाऊ : आमची पोरंही जातील. रात्रीचं बायकांना नको.

सिस्टर : हो, रात्रीचं तुमच्या पोरांकडे.

भाऊ : एक राहिलं. ती तुमची गोष्ट आहे ना, वाटेत लुटलेल्या माणसाची. मला शाळेत फादरांनी सांगितली होती. याजक बघून जातो, दुसराही जातो, तिसरा थांबतो.

सिस्टर : चांगला शोमरोनी. लूकमध्ये आहे.

भाऊ : शोमरोनी म्हणजे कोण, हे मला फार उशिरा कळलं. फादरांनी फक्त चांगला माणूस असं सांगितलं होतं. नंतर वाचलं, की यहुदी लोक त्यांना हलके समजत, त्यांच्याशी व्यवहार टाळत, त्यांची उपासनेची जागा मानत नसत. म्हणजे तुमच्या येशूने गोष्टीतला मोठेपणा बाहेर ठेवलेल्या माणसाला दिला. मला तेव्हा वाटलं, हा माणूस आमच्या बाजूने बोलतोय. मग मला सांगा, तुमची मंडळी ती गोष्ट ऐकते तेव्हा स्वतःला त्यात कोण समजते?

सिस्टर : (हसून) सगळे शोमरोनी. कोणी याजक होत नाही.

भाऊ : आणि वाटेत पडलेला?

सिस्टर : तो कोणीच होत नाही.

भाऊ : हाच माझा खरा आक्षेप आहे, सिस्टर. पत्रकाहून मोठा. तुम्ही कायम देणारे. आम्ही कायम पडलेले. दीडशे वर्षं हेच नातं.

सिस्टर : कायम नाही, भाऊ. 2021 चा एप्रिल तुम्ही विसरलात? आमचे हे कोरोनात गेले तेव्हा. पोरगा बाहेरगावी अडकलेला, मंडळीतले निम्मे आजारी, निम्मे घाबरलेले. पेटी उचलायला माणूस नव्हता. विहाराची चार पोरं आली. पीपीई किट घालून, शहराच्या पलीकडे कबरस्तानापर्यंत. एकाने मला विचारलं, काकू, तुमच्यात माती देताना काय म्हणतात, आम्ही म्हणू का? मी तेव्हा रस्त्यावर पडलेलीच होते. तुमची पोरं थांबली.

भाऊ : ते काय सांगायचं. शेजारी होते तुम्ही.

सिस्टर : सांगायचंच आहे. येशूला त्या शास्त्र्याने विचारलं होतं, माझा शेजारी कोण? तो हिशेब मांडत होता, कुठपर्यंत प्रेम करायचं, कुठे थांबायचं. येशूने गोष्ट सांगून प्रश्नच फिरवला, की त्या पडलेल्याचा शेजारी कोण झाला. मी हे चाळीस वर्षं ऐकलं होतं. त्या दिवशी पेटीमागे चालताना कळलं की या गोष्टीत मी कुठे आहे. म्हणून मी तुमच्याकडे हॉल मागायला आले. चर्चच्या हॉलमध्येही जागा आहे, भाऊ. तो रिकामाच असतो. पण तिथे मीच देणारी झाले असते.

इथे भाऊ बराच वेळ बोलत नाहीत, आणि मलाही त्यांच्या तोंडी लगेच वाक्य घालावंसं वाटत नाही. सिस्टरने जे सांगितलं ते ख्रिस्ती सेवेच्या इतिहासात फार कमी वेळा सांगितलं गेलं आहे. घेण्यातही विश्वास लागतो. ख्रिस्त स्वतः परक्या बाईकडे विहिरीवर पाणी मागतो, तीही शोमरोनीच. त्याने आधी मागितलं, मग बोलला. आपल्या मंडळ्या वस्तीत जातात त्या पिशव्या, ब्लँकेटं आणि कॅमेरा घेऊन. मागायला कोणी जात नाही.

भाऊ : बरं. चावी देतो. पण अटी लिहून घेऊ. फ्लेक्स नाही, तुमचाही नाही, आमचाही नाही. निवडणूक जवळ आली की नगरसेवक फोटो काढायला येतात, त्यांनाही नाही.

सिस्टर : फोटो नकोच. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, असं आम्हाला सांगितलेलंच आहे. फेसबुकने तेवढं विसरायला लावलं.

भाऊ : रजिस्टर विहारातच राहील. लोकांचे फोन नंबर मंडळीकडे जाणार नाहीत, युनियनकडेही नाहीत.

सिस्टर : मान्य. माझीही एक अट. दर तिसऱ्या महिन्याला तपासणी चर्चच्या हॉलमध्ये. तुमची माणसं तिथे येऊन बसतील. आमच्यातल्या ज्यांना विहारात यायला संकोच वाटतो त्यांचा संकोच तिथे मोडेल. तुमच्यातल्यांचाही.

भाऊ : चालेल. समितीत एक-दोघं कुरकुरतील, मी पाहून घेतो. आणखी एक. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. आम्ही हिंगण्याची पोरं दर वर्षी पाणी आणि जेवण वाटायला जातो. या वर्षी तुमच्या संघाने यावं. आमच्या हाताखाली. पोळ्या लाटायला नाही, त्या येतात आम्हाला. पायांना फोड आलेल्यांची पट्टी करायला. गावोगावहून म्हाताऱ्या बाया चालत येतात.

सिस्टर : येऊ. क्रूस गळ्यात असेल.

भाऊ : असू द्या. गळ्यातलं काढून या असं बाबासाहेबांच्या भूमीवर कोण म्हणणार?

सिस्टर : मंडळीत बोलावं लागेल. पाळकसाहेब हो म्हणतील. एक-दोन वडीलधारे म्हणतील, दुसऱ्या धर्माच्या सणाला आपण कशाला. त्यांना मी सांगीन की रोमन सम्राट जुलियन ख्रिस्ती लोकांवर चिडला होता, कारण ते आपल्याच नाही तर त्याच्याही गरिबांना जेवू घालत होते. आपल्याला शत्रूने दिलेलं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र ते आहे.

भाऊ : शत्रू कोण इथे?

सिस्टर : कोणी नाही, भाऊ. बोलण्याची गोष्ट.

भाऊ : चहा घ्याल ना?

हा वाद पूर्ण मिटलेला नाही, हे मी मुद्दाम तसंच ठेवलं आहे. हॉलमध्ये मोठ्याने प्रार्थना करायची नाही ही अट सिस्टरना पटली नाही. जातीचा प्रश्न तसाच राहिला. दलित ख्रिस्ती माणसाला 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, बौद्धांना 1990 पासून मिळतात. त्यावर दोघं बोललेच नाहीत, आणि एकाच गल्लीत राहायचं तर कधीतरी त्यांना बोलावं लागेल. पण रविवारी दुपारी दोन टेबलं लागतील. एकावर बीपीचं मशीन असेल, दुसऱ्यावर ईएसआयचे फॉर्म, आणि बालाघाटच्या त्या बाईसारखी कोणी आली तर तिच्याबरोबर खिडकीपर्यंत जाणारं माणूस तयार असेल. माझ्या मते ख्रिस्ती विश्वासाची साक्ष द्यायची ती अशीच, शेजाऱ्याच्या छताखाली आणि त्याच्या अटींवर.

याच शहरात 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा चर्चेस आपले जुने भेद बाजूला ठेवून एक झाली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. आपसांत जोडून घेणं आपल्याला जमलेलं आहे. आता हिंगण्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही मंडळीतल्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या महिला संघाच्या, तरुण संघाच्या पुढच्या बैठकीत सेवेचा कार्यक्रम ठरवण्याआधी दोघा जणांना शेजारच्या विहाराच्या, मंदिराच्या किंवा मशिदीच्या समितीकडे पाठवा. आपण काय द्यायला आलो हे सांगण्याआधी त्यांना काय हवं ते विचारा, आणि निघताना त्यांच्याकडे काहीतरी मागून या.